लुक्का गावची पंगत

एल्विरामावशीचं नाव आधी घेतो, मग काय झालं ते सांगतो. तसं केलं नाही तर लिहिता लिहिता मी माझंच कौतुक करत सुटेन आणि ते खोटं ठरेल. ही बाई मेक्सिकोतल्या प्वेब्ला भागातली, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, उंचीने माझ्या खांद्याला लागणारी. अमेरिकेत क्युपर्टिनोजवळच्या एका बागेतल्या पिझ्झेरियात मी लागलो तेव्हा ती अकरा वर्षं भट्टीपुढे उभी होती. तिथे मी टिकलो तो तिच्यामुळे. माझी बायको आणि मुलगी या देशात वेळेवर पोचल्या त्याही तिच्यामुळेच.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी जोशीकाकू मागे लागल्या होत्या. "अंकुश, तू लिही. आमच्या सगळ्यांचे अनुभव सारखेच असतात रे. प्रोजेक्ट, व्हिसा आणि ले-ऑफ." मी म्हटलं, "काकू, माझी शाळा आठवीत सुटली." त्या म्हणाल्या, "ऱ्हस्व-दीर्घ मी बघते. तू फक्त खरं लिही." म्हणजे अवघड भाग माझ्याकडेच आला.

मी मूळचा बार्शीचा. शाळा सुटल्यावर बंडूनाना आचाऱ्यांच्या हाताखाली वाढपी म्हणून लागलो आणि एकोणीस वर्षं लग्नाच्या पंगती वाढल्या. वाढणं म्हणजे बादली घेऊन पळणं, असं लोकांना वाटतं. तसं नाही. पानात मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, हे तर कोणीही शिकतो. खरी विद्या 'नको' ओळखण्याची. पहिला 'नको' तोंडाने म्हणतात. त्याला किंमत नसते, ती नुसती रीत आहे. दुसरा 'नको' एका हाताने, पानावर आडवा हात, पण बोटं फाकलेली. त्या फटीतून जिलबी खाली सोडायची असते. तिसऱ्या 'नको'ला माणूस दोन्ही हात पानावर धरून अंगाने पुढे वाकतो. तिथे थांबायचं, हसायचं आणि पुढच्या पानाकडे जायचं. नाना म्हणायचे, "रिकामं पान दिसलं की ती वाढप्याची बेअब्रू." हे माझ्या हाडात मुरलेलं होतं.

माझी ताई मिरजेला नर्सिंग करून अमेरिकेत आली होती. तिने भरलेले कागद कित्येक वर्षांनी मंजूर झाले आणि २००४ च्या उन्हाळ्यात मी आलो, एकटाच. सुनंदा आणि पिंकीचे व्हिसे झाले होते, पण त्यांनी ऑक्टोबर संपायच्या आत अमेरिकेत पाऊल ठेवायला हवं होतं. आणून ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. ताईच्या घरात एकच बेडरूम. हॉलमधल्या सोफ्यावर दाजींची आई, सोफ्याच्या मागे मी. वेगळं घर बघायला गेलो तर तिथला मॅनेजर म्हणाला, "एका जागी तीन महिने नोकरी केल्याचं मालकाचं पत्र आण, मग किल्ली देतो."

दाजी म्हणाले, "तीन महिने फक्त टिक यार. जास्त डोकं लावू नकोस. सांगतील ते कर, ओके म्हण."

मी ओके म्हणायची प्रॅक्टिस आरशासमोर केली होती.

नोकरी लागली ती या बागेतल्या पिझ्झेरियात. मालक फ्रँकसाहेब. त्यांचे आजोबा इटलीतल्या लुक्का नावाच्या जुन्या तटबंदीच्या गावातून आलेले. साहेब स्वतः इटलीला कधी गेले नव्हते, कारण त्यांना विमानाची भीती. आजोबांनी मागे ठेवलेलं एक फोटोंचं कॅलेंडर होतं, त्याच्यावरून त्यांनी अख्खी बाग बांधली होती. कारंजं जानेवारीचं, कमान जूनची, आणि तटाची भिंत मार्च महिन्याची. फोटो जिथे संपला तिथे भिंतही संपली होती, करवतीने कापल्यासारखी, आणि तिच्यापलीकडे गाड्यांचं पार्किंग दिसायचं. लिंबाची झाडं होती. त्यांना लिंबं धरत नव्हती, म्हणून प्लास्टिकची तारेने बांधलेली. साहेबांचं एकच म्हणणं होतं: गिऱ्हाईक आत आलं की त्याला वाटलं पाहिजे, आपण लुक्कात जेवतोय.

त्यासाठी मला त्यांनी आंजेलो केलं. छातीवर तशी पट्टी लावली. मेन्यूकार्डावर मागच्या बाजूला छापलं होतं की आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या लुक्काची. बार्शीचं ऊन मला असं कामाला येईल, असं वाटलं नव्हतं.

सोमवारी पिझ्झेरिया बंद असायचा. त्या दिवशी माझं काम भिंत जुनी करायचं. जागेच्या मूळ मालकाकडून दर आठवड्याला एक दुरुस्तीवाला यायचा आणि भिंतीच्या भेगा बुजवून रंग द्यायचा, कारण भेगा पडलेली भिंत नियमात बसत नाही. फ्रँकसाहेबांना भेगा हव्या होत्या, कारण भेगा नसलेली भिंत इतिहासात बसत नाही. म्हणून सोमवारी मी छिन्नीने भेगा पाडायचो आणि वर चहाचं पाणी मारायचो. चहापत्ती उकळून उकळून कडक काढा केला की सहाशे वर्षांचा रंग येतो, हे मी शोधून काढलं. दुरुस्तीवाला शुक्रवारी यायचा. महिनाभर आम्ही एकमेकांचं काम असं मोडलं. शेवटी एकदा भेट झाली तेव्हा तो म्हणाला, "तुला कुठल्या भेगा लागतात तेवढ्या दाखव. त्या मी ठेवतो, बाकीच्या बुजवतो." त्यानंतर आम्हा दोघांचंही काम हलकं झालं.

बाकीचे सहा दिवस माझं काम टेबलं आवरायचं. इथे रिकामी प्लेट दिसली की लगेच उचलायची असते. लोकांची जेवणं चालू असताना, शेजारचा अजून घास घेत असताना, त्याच्या बायकोची प्लेट उचलायची. पहिल्या दिवशी मी उचललेली प्लेट परत जागेवर ठेवली. पाहुण्याला पानावरून उठवल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या दिवशी तोंडाने ओके म्हटलं, पण हाताने ऐकलं नाही.

दर मंगळवारी वॉल्टर नावाचे एक म्हातारे काका दुपारी एकटे जेवायला यायचे. आयुष्यभर घरोघरी टपाल वाटलेले, शांत गृहस्थ. त्यांच्या प्लेटमध्ये काही नाही, बायकोही नाही, एकटा माणूस कारंज्याकडे बघतोय. मला राहवलं नाही. भट्टीजवळ दुसऱ्या टेबलासाठी निघालेल्या पिझ्झ्याचे दोन तुकडे आणून मी त्यांना वाढले. ते म्हणाले, "नो, नो, आय ॲम गुड." हा पहिला 'नको'. मी आणखी एक वाढला. त्यांनी प्लेटवर हात धरला, बोटं फाकलेली. मी फटीतून एक सोडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि निमूट सगळं खाल्लं. पुढच्या मंगळवारीही तसंच. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, चला, एका माणसाला तरी पोटभर घातलं.

चौथ्या मंगळवारी ते आले आणि जेवायला बसायच्या आधी त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून फ्रँकसाहेबांच्या हातात दिला. डॉक्टरांची चिठ्ठी होती. या रुग्णास तीन तुकड्यांहून जास्त पिझ्झा वाढू नये, अशी. खाली सही-शिक्का.

साहेब तशीच चिठ्ठी घेऊन भट्टीकडे आले. "हे कोण वाढतंय? टेबल पाचचा पिझ्झा दर मंगळवारी कमी का पडतो?"

माझ्या डोळ्यांपुढे सोफ्याची मागची बाजू आली. तोंड उघडायच्या आत एल्विरामावशी पिठाचे हात पुसत पुढे झाली. "मी पाठवते. तुकडे मोडतात, ते मी त्या म्हाताऱ्याला पाठवते. आंजेलो फक्त नेतो."

"तुकडे का मोडतात?"

"भट्टी जुनी आहे. लुक्काची आहे ना."

साहेबांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. ते गेल्यावर तिने मला कोपऱ्यात घेतलं. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं सगळं कळायचं. "हे हात," ती म्हणाली, "यांना काम नसलं की हे वाढतात. होय ना?" मी मान हलवली. तिने दोन्ही हातांनी धरावा लागेल असा मोठा ट्रे मला दिला. "दिवसभर हा सोडायचा नाही."

त्याच आठवड्यापासून जेवणाची वर्दळ सुरू व्हायच्या आधी ती मला पीठ मळायला शिकवू लागली. पीठ मऊसर कुठवर करायचं, झाकून किती वेळ ठेवायचं. ओकची लाकडं एका बाजूला ढकलून भट्टीच्या तळाशी चिमूटभर पीठ टाकायचं. ते किती वेळात तपकिरी होतं त्यावरून ती उष्णता ओळखायची. कोपरापर्यंत तिच्या हातांवर चटक्यांच्या आडव्या रेघा होत्या. पट्टीवर इंच आखलेले असतात तशा. "ही पहिल्या वर्षाची, ही मुलीच्या लग्नाच्या आठवड्याची," असं ती सांगायची.

तीन महिने भरायला एक दिवस उरला असताना, सप्टेंबरातल्या एका रविवारी, खरीखुरी लुक्काची माणसं आली.

इथल्या इटालियन लोकांच्या एका क्लबने सहा पाहुणे आणले होते आणि त्यांना जेवायला घेऊन येणार होते फ्रँकसाहेबांकडे. दर रविवारचं क्लबचं जेवण आमच्याकडे द्यायचं की नाही, तेही त्याच दिवशी ठरणार होतं. साहेब आठवडाभर झोपले नसावेत. सकाळी त्यांनी आम्हाला बागेत रांगेत उभं केलं. "आज नीट झालं नाही तर बाग बंद. बागेतल्या माणसांची उद्यापासून गरज नाही." मग माझ्याकडे वळले. "आंजेलो, तुझं पत्र टाइप करून ड्रॉवरमध्ये ठेवलंय. उद्या सही करतो. आज तू मुका आहेस."

"ओके," मी म्हटलं.

"मुका म्हणजे ओके पण नाही."

दुपारी एक वाजता वीसेक माणसं लांब टेबलावर बसली. मधोमध पाहुणे, त्यांत एक सत्तरीची आजी आणि तिचे यजमान. फ्रँकसाहेब भाषणाला उभे राहिले. भाषण आजोबांच्या जन्मापासून सुरू झालं. जेवण भाषणानंतर. दहा मिनिटं गेली. आजोबा अजून शाळेत होते. आजीच्या यजमानांनी मागे वळून भिंतीवर बोटाने टकटक केलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. त्यांनी डोक्यावरचं लिंबू ओढलं. ते तारेसकट हातात आलं. त्यांनी ते निरखून पाहिलं आणि कोणाचा अपमान नको म्हणून कोटाच्या खिशात ठेवलं. टेबलावर एकेक मान वळू लागली. भिंत जिथे संपते तिथे कोणीतरी बोट दाखवलं. पलीकडे एक बाई गाडीत किराणा भरत होती.

वीस मिनिटं झाली. साहेबांचे आजोबा आता बोटीत चढले होते. वीस माणसं, वीस रिकाम्या प्लेटा. मला भिंतीचं काही वाटलं नाही, भाषणाचं काही वाटलं नाही. मला फक्त त्या प्लेटा दिसत होत्या. पाहुणा घरी आला आहे, प्रवास करून आला आहे, आणि आपण त्याला बसवून ठेवलंय.

मी भट्टीकडे गेलो. सहा पिझ्झे दुसऱ्या टेबलांसाठी तयार होते.

"दे," मी म्हटलं.

मावशीने माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुझं पत्र?"

"ती माणसं उपाशी आहेत."

तिने सहाही पिझ्झे कापून माझ्या ट्रेवर चढवले. "जा. विचारलं तर मी पाठवले म्हणून सांग."

मी टेबलाच्या उजव्या टोकापासून सुरुवात केली नाही. आधी सगळ्यात मोठं माणूस, म्हणजे ती आजी. तिला वाढलं, मग तिच्या नवऱ्याला, मग ओळीने. दुसरी फेरी लगेच. आजीने तोंडाने काहीतरी म्हटलं. मी वाढलं. तिने एक हात आडवा धरला, बोटं फाकलेली. मी लहानसा तुकडा बघून फटीतून सोडला. तिसऱ्या फेरीला तिने दोन्ही हात प्लेटवर ठेवले आणि अख्खी पुढे वाकली. अगदी आमच्या बार्शीच्या मामी वाकायच्या तशी. मी थांबलो, हसलो आणि पुढे सरकलो. टेबल हसायला लागलं. शेजारच्या टेबलावरची गिऱ्हाइकं, ज्यांचे पिझ्झे मी पळवले होते, तीही वळून बघू लागली आणि त्यातल्या एकाने हात वर केला. "आम्हालाही असंच."

साहेबांचं भाषण बोटीतच थांबलं. क्लबचे अध्यक्ष उठले. "फ्रँक, हे काय चाललंय?"

साहेब पांढरे पडले होते. "हे... ही लुक्काची पद्धत आहे."

अध्यक्षांनी आजीला इटालियनमध्ये विचारलं असणार, खरं आहे का. तिने रुमालाने तोंड पुसलं. भिंतीकडे बघितलं, फ्रँकसाहेबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग थोडं बोलली. अध्यक्षांनी सगळ्यांना सांगितलं, "हो म्हणतात. सणासुदीला. हल्ली तिकडेही कमी होत चाललंय, म्हणतात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण जोशीकाकूंनी खरं लिही म्हटलंय.

आजीने अध्यक्षांकरवी सांगितलं, हा पाव, म्हणजे पिझ्झा, कोणी भाजला, त्याला भेटायचंय. साहेबांनी आत जाऊन आपल्या भाच्याला, केव्हिनला, नवी पांढरी टोपी घालून आणलं. केव्हिन आमच्याकडे गाड्या लावायचा. आजीने त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले. गुळगुळीत हात. एकही रेघ नाही. मग तिने माझ्याकडे बघून एकच शब्द विचारला. भाषा येत नव्हती तरी मला कळलं. याने?

तिच्या मागे भट्टीची खिडकी होती. खिडकीत एल्विरामावशी उभी होती, बाह्या वर केलेल्या. फ्रँकसाहेब माझ्याकडे बघत होते. माझं पत्र ड्रॉवरमध्ये होतं, सहीशिवाय.

मी मान हलवली. हो. याने.

आजीने केव्हिनचे हात हळूच सोडले आणि माझ्याकडे परत पाहिलं नाही.

सोमवारी पत्रावर सही झाली. मी ते घेऊन मावशीकडे गेलो. सुट्टीचा दिवस असूनही ती पिठाची फळी खरवडायला आली होती.

"मिळालं?"

"मिळालं. मावशी, काल मी..."

"मी खिडकीत होते," ती म्हणाली. "बायकोला फोन कर. तिथे आता रात्र असेल, तरी कर." पुढे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी पिठाची परात माझ्याकडे सरकवली.

त्यानंतर जे झालं त्याला मी काय म्हणू. साहेबांनी मेन्यूकार्ड नव्याने छापलं. 'लुक्काची प्राचीन प्रथा: आपण दोन्ही हातांनी प्लेट झाकेपर्यंत आपल्याला वाढलं जाईल.' दर रविवारी लांब टेबलं लागू लागली आणि मी कॉलेजात शिकणाऱ्या सहा अमेरिकन पोरींना फाकलेली बोटं ओळखायला शिकवू लागलो. बंडूनानांची विद्या मी त्यांना लुक्काची म्हणून दिली. वॉल्टरकाकांसाठी वेगळी खूण ठरवली. त्यांच्या ग्लासात रोझमेरी या वासाच्या पाल्याची काडी असेल तर आग्रह करायचा नाही.

एका रविवारी आपलंच एक कुटुंब आलं. नागपूरचे काका, काकू, दोन मुलं. मी आंजेलो असल्यामुळे त्यांच्यासमोर मराठी बोलायची सोय नव्हती. मुलगा म्हणाला, "बाबा, आय ॲम फुल, टेल हिम टू स्टॉप." काका म्हणाले, "अरे, खा. बघ, ही त्यांची संस्कृती. केवढ्या प्रेमाने वाढतोय बघ तो. आपल्याकडे राहिलंय का हे काही?" काकू म्हणाल्या, "तुमच्या बहिणीच्या लग्नात मी उपाशी उठले होते." मी काकूंना दोन तुकडे जास्त वाढले. त्यांनी बोटं फाकवली.

सुनंदा आणि पिंकी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आल्या. पहिल्या रविवारी त्यांना पिझ्झेरियात आणलं. मावशीने पिंकीसाठी छोटा पिझ्झा भाजला, तिला कडेवर घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ते लुक्का खरंच आहे का रे?"

"म्हणजे?"

"अकरा वर्षं इथे पीठ मळते. रोज लुक्का, लुक्का. फ्रँक गेला नाही, तू गेला नाहीस. ती म्हातारी आणि तिची माणसं काय ती आली. असेल का तसं गाव? तिथे बागेत भट्टी असेल आणि पुढे कोणी बाई उभी असेल?"

"असेल," मी म्हटलं. 

२००८ साली ती जागा विकली गेली आणि बाग बुलडोझरने एका दुपारात सपाट झाली. मावशी मुलीकडे फ्रेझ्नोला गेली. मी आता एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करतो. दोन महिन्यांतून एकदा आम्ही तिच्याकडे जातो. बरीच वर्षं तिला देशाबाहेर जाता येत नव्हतं, कारण परत येता आलं नसतं. गेल्या वर्षी तिचे इथे राहायचे कागद झाले. फोनवर ती म्हणाली, "आता मी कुठेही जाऊ शकते, पण कुठे जाऊ?"

मी तिला सांगितलंय आणि इथे लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. मावशी, मी तुला लुक्काला नेणार. बागेत टेबल असलेलं तिथलं एखादं दुकान शोधणार. तुला खुर्चीवर बसवणार आणि वाढायला दुसरं कोणीतरी येणार. मग ती आजी हयात असली तर तिला शोधून काढणार, नसली तर जो कोणी भट्टीपुढे उभा असेल त्याला बाहेर बोलावणार, आणि तुझे हात त्याच्यापुढे धरून सांगणार की तो पाव हिने भाजला होता. एवढं वाक्य मी इटालियनमध्ये पाठ करतोय. पिंकीने इंटरनेटवरून काढून दिलंय. अजून मध्येच अडखळतो, पण 'हिने' हा शब्द स्वच्छ येतो.